काळ्या लोकरीवरची ओळख

कच्छच्या उघड्या माळावर दुरून येणारी बाई रबारी आहे, हे तिच्या अंगावरच्या काळ्या वस्त्रांवरून आधीच कळते. ती जवळ आली, म्हणजे तिच्या काचोळीवरचे, म्हणजे चोळीवरचे, भरतकाम त्याहून पुष्कळ जास्त सांगू लागते. उंट आणि शेळ्या-मेंढ्या घेऊन चराईमागे फिरणाऱ्या या समाजाच्या कच्छमध्ये तीन शाखा आहेत: काछी, अंजारच्या परिसरातले ढेबरिया आणि पूर्वेच्या वागड भागातले वागडिया. शाखा बदलली की टाक्यांची मांडणी आणि रंगांचा मेळ बदलतो, आणि ही लिपी वाचायला रबारी मुली अक्षरओळखीच्याही आधी शिकत आल्या आहेत.

आधी ओढणी पाहू. हिला इथे ‘लुडी’ म्हणतात. पूर्वी तिची लोकर रबारींच्याच मेंढ्यांची असे आणि रबारी बायका ती स्वतः कातत. विणायचे काम वणकरांचे, आणि बांधणीचे ठिपके घालून रंगवायचे खत्रींचे. भुजजवळच्या भुजोडीत रबारी आणि वणकर आजही शेजारी राहतात. एका समाजाची ओळख म्हणून मिरवणाऱ्या या वस्त्राला तीन समाजांचे हात लागत, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. ठिपक्यांनी आणि भरताने सजलेली लुडी सौभाग्यवतीची. विधवेच्या अंगावर मात्र कोरे काळे वस्त्र येते.

आता पडद्यावरच्या या रबारी आजींच्या सुईकडे लक्ष द्या. कापडावर पेन्सिलीची रेघ नाही, छापा नाही. या आजी साखळी टाक्याने थेट आकृतीची कड उमटवत जातात, आणि ती कड पुरी झाल्यावरच आरसे बसवायला घेतात. अंगठ्याने आरसा दाबून धरायचा, त्याच्यावरून उभे-आडवे धागे ताणून त्याला जखडायचे, आणि मग त्या धाग्यांतून काज्याच्या टाक्यासारखा दोरा गुंतवत काठ भरून काढायचा; काचेला भोक नसते, डिंक नसतो, तिला धरून ठेवतो तो केवळ धाग्याचा ताण. हे आरसे नुसते गोल नाहीत. त्रिकोणी आहेत, चौकोनी आहेत, पाखराच्या चोचीसारखे निमुळतेही आहेत, आणि आरशांच्या आकारांतले हे वैविध्य हीच रबारी भरताची मोठी खूण आहे. शेवटी शिवणींवरून ‘बखिया’ फिरतो, म्हणजे रंगीत दोऱ्याची बारीक उलटी टीप, जिने दोन तुकड्यांचा जोडही नक्षीचा भाग होतो.

आकृत्यांत विंचू आहे, उंट आहे, देऊळ आहे, डोक्यावर हंडे घेतलेली पाणी भरणारी बाई आहे. आजींचा हात जवळून पाहिला, तर मनगटावरच्या गोंदणातही, ज्याला इथे ‘त्राजवा’ म्हणतात, याच आकृत्यांतल्या काही सापडतात.

शेजारच्या समाजांचे भरत यापुढे ठेवले, की वेगळेपण लगेच डोळ्यांत भरते. 1971 च्या युद्धानंतर पाकिस्तानातल्या थरपारकरहून आलेल्या सोढा कुटुंबांतील बायका ‘सूफ’ भरतात; त्या कापडाचे धागे मोजून मागच्या बाजूने टाके घालतात आणि सगळी नक्षी त्रिकोणांतून उभी राहते. गरासिया जत स्त्रियांच्या लांब झग्याचा छातीवरचा भाग फुलीच्या टाक्यांनी असा भरलेला असतो, की मूळ कापड दिसतच नाही. बाजारात या सगळ्यांवर ‘कच्छी वर्क’ अशी एकच चिठ्ठी लागते, आणि विकत घेणाऱ्याला ती पुरेशी वाटते. ती पुरेशी नाही. निदान भरणाऱ्या समाजाचे नाव तरी त्या चिठ्ठीवर असायला हवे.

लग्न ठरलेल्या मुलीने काचोळ्या, घागरे, तोरणे आणि ‘कोथळो’ नावाची मोठी पिशवी स्वतः भरून पुरी करायची आणि मगच सासरी जायचे, अशी रीत होती. सासरच्यांच्या अपेक्षा वाढत गेल्या, मुलींचे सासरी जाणे वर्षानुवर्षे लांबले, आणि 1995 मध्ये ढेबरिया पंचांनी बायकांना स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करायला बंदी घातली.

त्यानंतरच्या काचोळ्या आता पडद्यावर आहेत. हाताच्या टाक्यांच्या जागी बाजारातल्या तयार फिती, नागमोडी लेस आणि जरीच्या पट्ट्या यंत्रावर शिवून घेतलेल्या दिसतात. पण त्यांची निवड आणि मांडणी बायकांचीच आहे, आणि या फितींनीही ढेबरिया काचोळीला तिचे वेगळे रूप दिले आहे. हाताचे भरत त्यांनी सोडलेले नाही. त्या ते विक्रीसाठी करतात: पिशव्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, शहरांतून आलेल्या मागणीप्रमाणे. स्वतःच्या काचोळीवर मात्र ते घालता येत नाही.