मशीन सुरू, तरी दम का लागतो?

हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं घरगुती मशीन. मागच्या जाळीतून खोलीतली साधी हवा आत जाते. तिच्यात ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रोजन ७८. आत दोन नळकांडी, त्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक दाणे. दाब वाढला की हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. एक नळकांडं भरलं की हवा दुसऱ्यात वळते आणि पहिलं दाब सोडून मोकळं होतं. थोड्या थोड्या वेळाने येणारा हा ‘फुस्स’ त्याचाच. मग बुडबुड्यांची बाटली, नळी, आणि नळीच्या टोकाशी ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन.

कोरोनाच्या २०२१च्या लाटेत ही मशिनं कितीतरी घरांत आली. आता ती हृदयरोग्यांच्या उशाशीही दिसतात.

या आजोबांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे. चार पायऱ्या चढल्या की धाप, झोपायला तीन उशा. बोटाला ऑक्सिजन मोजायचं मीटर लावलं: ९६ टक्के. रक्तात ऑक्सिजन पुरेसा आहे! दम लागतो तो फुप्फुसांत पाणी साचल्याने आणि हातापायांचे स्नायू झिजल्याने. उलट, गरज नसताना जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तवाहिन्या आकसतात आणि थकलेल्या हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. घरच्यांना हे कोणीतरी नीट बसवून सांगायला हवं.

रोज १५ तास ऑक्सिजन लावायचा हिशेब आला फुप्फुसांच्या जुनाट आजारातून. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी होता, त्यांचं आयुष्य त्याने वाढलं. ब्रिटनमध्ये तोच उपाय हृदयाच्या ११४ रुग्णांवर पडताळून पाहिला. २०१५मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतरही त्यांच्या रोजच्या जगण्यात फरक पडला नव्हता. बहुतेकांना १५ तास नळी लावून बसणं जमलंच नाही.

शिवाय मशीन लावलं की नळी पुरेल तेवढंच फिरणं होतं. भाडं आणि वीजबिल वेगळं.

मग घरी करायचं काय? हा साधा वजनकाटा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वाढ दिसली, की पाणी साचतंय. डॉक्टरांना लगेच फोन. लघवीची गोळी चुकवायची नाही, लोणचं-पापड बाजूला. धाप लागली तर टेबलफॅनचा वारा चेहऱ्यावर घ्या, बऱ्याच जणांना बरं वाटतं.

मीटर ९०च्या खाली गेलं तर मात्र थेट दवाखाना. तिथे ऑक्सिजन हवाच. आणि घरी मशीन आधीच सुरू असेल तर मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, मीटरवर किती आकडा होता म्हणून हे दिलंत?