अ‍ॅपची किल्ली कोणाकडे?

(सांगलीत विश्रामबागेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मोबाइल अ‍ॅप करायचं तर नेटिव्ह की क्रॉस-प्लॅटफॉर्म, हा आजचा विषय. समोर मला सरळ दोन गट दिसतायत. डावीकडे इंजिनीअरिंगची मुलं-मुली. त्यातल्या निम्म्यांचं उत्तर ‘फ्लटर’ असं घरून निघतानाच ठरलेलं आहे. उजवीकडे अडते, दुकानदार, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाले. त्यांना कोणीतरी अ‍ॅपचं कोटेशन दिलंय आणि ते खरं की खोटं हे त्यांना मला विचारायचंय. मुलांनो, तुम्ही त्यांच्याकडे बघून हसू नका. चार वर्षांनी ती कोटेशनं तुम्हीच लिहिणार आहात.

उजवीकडच्यांसाठी एका दमात सांगते. नेटिव्ह म्हणजे अँड्रॉइडसाठी कोटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक अ‍ॅप आणि आयफोनसाठी स्विफ्ट या भाषेत दुसरं. कोड दोन, काम दोनदा. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हसारखं साधन घ्यायचं, कोड एकदा लिहायचा आणि त्यातूनच दोन्ही फोनांची अ‍ॅप्स काढायची. ऐकल्यावर कोणीही दुसऱ्यालाच हात वर करेल. माझं म्हणणं असं की हा निर्णय आपल्याकडे अ‍ॅप किती लवकर उभं राहील यावर घेतला जातो. तो घ्यायला हवा पाचव्या वर्षी ते कोण दुरुस्त करणार, यावर. हे मी आज पटवून देणार आहे. पण त्याआधी एका अडत्यांची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं कोरडं वाटेल.

नाव सांगत नाही, काका म्हणते. हळदीचे अडते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची इथे कोणाला आठवण करून द्यायला नको. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. काकांच्या पेठेतल्या ऑफिसात पाणी शिरलं आणि वह्यांचा लगदा झाला. शेतकऱ्यांची येणी-देणी, जुन्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, सगळं. हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमध्ये, हळद वर्षानुवर्षं टिकायची, त्या पेवांना २००५ च्या पुरानं दणका दिला. वह्यांना २०१९ नं दिला. काकांनी तेव्हाच ठरवलं, आता हिशोब कागदावर नाही.

त्यांना हवं होतं ते अगदी मोजकं होतं. सौदा झाला की पोती काट्यावर चढतात. तोलाईदार वजन मोठ्यानं सांगतो, कोणीतरी चिठ्ठीवर लिहितं, चिठ्ठीवरून दिवाणजी वहीत उतरवतात, वहीवरून पट्टी होते. एक आकडा तीनदा उतरवायचा. एखाद्या पोत्याला सहाचा आठ झाला की शेतकरी आणि दिवाणजी समोरासमोर, आणि दोघंही आपापल्या जागी खरे. काका म्हणाले, काट्यावरचा आकडा सरळ फोनमध्ये यावा आणि शेतकऱ्यानं टेम्पो चालू करायच्या आत पट्टी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडावी. इथे बसलेल्या प्रत्येक मुलाला मी सांगेन, यापेक्षा स्वच्छ मागणी तुम्हाला आयुष्यात क्वचित मिळेल. हा माणूस स्क्रीन मागत नाही, ॲनिमेशन मागत नाही. त्याला भांडण मिटवायचंय.

बाहेरच्या एका कंपनीनं कोटेशन दिलं. एकच कोड, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालणार, दोन अ‍ॅप्सच्या निम्म्या किमतीत. आता आयफोन कोणाकडे? काकांच्या मुलाकडे, आणि तो पुण्याला. यार्डात दिवाणजी, तोलाईदार, हमाल, शेतकरी, सगळ्यांच्या हातात अँड्रॉइड. भारतातच शंभरातले नव्वदाहून जास्त फोन अँड्रॉइड आहेत, आपल्या मार्केट यार्डात तर विचारायलाच नको. म्हणजे ‘दोन्हीकडे चालणार’ या गोष्टीची किंमत काका मोजत होते ती एका फोनसाठी. त्या मुलाला काट्यावर उभं राहायचंच नव्हतं, पुण्यात बसून रोजची बेरीज बघायची होती. त्याला ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधं पान पुरलं असतं.

पुढचा भाग डावीकडच्यांनी नीट ऐका, हा तुमच्या पुस्तकात नसतो. काकांचा काटा ब्लूटूथवर बोलतो, पण जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ, ज्याला क्लासिक म्हणतात. अँड्रॉइडवर कुठलंही अ‍ॅप परवानगी घेऊन अशा काट्याशी बोलू शकतं. आयफोनवर तसं चालत नाही. अशा उपकरणाशी अ‍ॅपनं बोलायचं तर उपकरण बनवणाऱ्याला अ‍ॅपलच्या एमएफआय नावाच्या कार्यक्रमातून मान्यता घ्यावी लागते. नवीन, कमी वीज खाणारं ब्लूटूथ असेल तर ही अट नाही. आपल्या बाजारातल्या जुन्या काट्यांना ती मान्यता कुठून असणार? म्हणजे कोटेशनमधलं निम्मं आश्वासन पहिल्याच दिवशी अशक्य होतं. फ्लटर घ्या, स्विफ्ट घ्या, काहीही घ्या, तो काटा आयफोनशी बोलणार नाही. आणि हे कळायला कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. काट्यापाशी जाऊन त्याची पाटी वाचावी लागते. ती वाचायला यार्डात कोणी गेलंच नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

अँड्रॉइडवर मात्र अ‍ॅप चाललं, हेही सांगते. फ्लटरला काट्याशी बोलता यावं म्हणून कोणा एका माणसानं मोकळ्या वेळात लिहून फुकट ठेवलेला प्लगइन, म्हणजे कोडचा तयार जोड-तुकडा, कंपनीनं वापरला. असं फुकट लिहून ठेवणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे, आपला सगळा धंदा त्यांच्यावर चालतो. हंगाम छान गेला. हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांनी दिवाणजी पट्ट्या पाठवत होते, आणि शेतकरी पट्टी बघून मगच टेम्पोत बसत होता.

मग २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं. ब्लूटूथची परवानगी मागायची पद्धत बदलली. आसपासची उपकरणं शोधायची परवानगी वेगळी, जोडणीची वेगळी. जुन्या तऱ्हेनं बांधलेलं अ‍ॅप लगेच बंद पडत नाही, गूगल तेवढी सोय ठेवतं. पण प्ले स्टोअरचा नियम असा की दरवर्षी अ‍ॅप अलीकडच्या अँड्रॉइडला धरून पुन्हा बांधायचं. फार मागे राहिलात तर नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्यानं अ‍ॅप घेणाऱ्याला ते स्टोअरमध्ये दिसेनासं होतं. पुन्हा बांधायला घ्यावं तर प्लगइन जुना, आणि तो लिहिणारा माणूस दुसऱ्या कामाला लागलेला. कंपनी आधी ‘बघतो’ म्हणाली, मग तिचा फोन लागेना.

मी पहिल्यांदा त्या दुकानात गेले तेव्हा दिवाणजींनी ड्रॉवरमधून एक फोन काढला. काचेला आरपार तडा, पाठीला रबर बांधलेलं. अ‍ॅप चालणारा तो शेवटचा फोन. तो फोन दिवाणजी कोणाच्या हातात देत नसत.

मी म्हटलं, सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, द्या, प्लगइन दुरुस्त करू. काट्याशी बोलणारा भाग मोठा नसतो, ते काम होण्यासारखं होतं. सोर्स कोड नव्हता. प्ले स्टोअरचं खातं? कंपनीच्या नावावर. सही करायची किल्ली? ‘कसली किल्ली?’ काकांनी मला विचारलं.

ही किल्ली उजवीकडच्यांनी समजून घ्या. प्रत्येक अँड्रॉइड अ‍ॅपवर एका गुप्त किल्लीनं सही केलेली असते. नवं अपडेट त्याच किल्लीनं सही झालेलं असेल तरच फोन ते जुन्यावर चढवून घेतो. उद्या कोणी चोरानं तुमच्या अ‍ॅपच्या नावानं खोटं अपडेट घुसवू नये म्हणून ही व्यवस्था आहे, आणि ती उत्तम आहे. २०२१ च्या ऑगस्टपासून नव्या अ‍ॅप्सची ही किल्ली गूगल स्वतःकडे सांभाळतं. काकांचं अ‍ॅप त्याआधीचं. किल्ली कंपनीच्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर. ती नाही म्हणजे त्या अ‍ॅपचं अपडेट कायमचं संपलं. नवं अ‍ॅप, नवं नाव, प्रत्येकाच्या फोनवर पुन्हा पहिल्यापासून. तो हंगाम दिवाणजींनी पुन्हा चिठ्ठीवर काढला.

नवं अ‍ॅप मी केलं, फक्त अँड्रॉइडसाठी, कोटलिनमध्ये. काट्याशी बोलायला मध्ये कोणाचा प्लगइन नाही, अँड्रॉइडनं जे दिलंय तेच थेट वापरलं. गोदामात रेंज नसते म्हणून वजन आधी फोनमध्येच साठतं, रेंज आली की वर जातं. दिवाणजी अक्षरं सगळ्यात मोठी ठेवतात, तेव्हा बटणं एकमेकांवर चढू नयेत याला बराच वेळ दिला. पुण्यातल्या मुलाला वेब पान.

इथे तासगावकडचे द्राक्षबागायतदार आहेत, त्यांच्या भाषेत सांगते. तुम्ही ज्यावर कलम भरायचं तो डॉगरिजचा खुंट लावता तो यंदाचा द्राक्षाचा दर बघून लावत नाही. जमीन कशी, पाण्याला क्षार किती, बाग किती वर्षं उभी ठेवायची, हे बघता. वर कलम थॉमसन जातीचं भरा नाहीतर सोनाकाचं. टूल निवडणं मला तसं वाटतं.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. म्हणजे जे बोलायचं कबूल केलं होतं ते आता पळत सांगते.)

आधी साधनांचं वय बघू. फोनगॅप २००९ मध्ये आलं, वेब पानाला अ‍ॅपचा अंगरखा घालायची ती कल्पना होती, आणि २०२० मध्ये अडोबीनं ते बंद केलं. झॅमरिन २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलं, १ मे २०२४ ला त्याचा आधार संपला; त्याच्या जागी मावी आलं, पण ज्यांची अ‍ॅप्स होती त्यांना उचलून तिकडे न्यावी लागली. नेटिव्हमध्ये बदल होत नाहीत असं नाही. अ‍ॅपलनं २०१४ मध्ये स्विफ्ट आणली, गूगलनं २०१७ मध्ये कोटलिनला मान्यता दिली. पण आधीच्या ऑब्जेक्टिव्ह-सी आणि जाव्हाचा कोड आजही बांधता येतो. फोनची सिस्टिम बनवणाराच ती भाषा सांभाळतो, त्यामुळे जुनं एका रात्रीत टाकून देणं त्यालाही परवडत नाही. नवी सोय आली की ती नेटिव्हमध्ये पहिल्या दिवशी मिळते, बाकीच्यांना कोणी तरी जोडणी लिहीपर्यंत थांबावं लागतं.

याचा अर्थ क्रॉस-प्लॅटफॉर्म वाईट, असा कोणी काढू नका. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह २०१५ पासून आहे. ते जाव्हास्क्रिप्टमध्ये लिहून फोनचीच बटणं, फोनच्याच याद्या वापरतं. फ्लटर २०१८ च्या डिसेंबरमध्ये पक्कं झालं. ते फोनची बटणं न वापरता सगळं चित्र स्वतः रंगवतं, म्हणून दोन्ही फोनांवर हुबेहूब सारखं दिसतं. दोन्ही आज भक्कम आहेत. तुमच्या क्लासचं अ‍ॅप असेल, कपड्यांच्या दुकानाचं असेल, ज्यात यादी आहे, फॉर्म आहे, पैसे भरणं आहे, नोटिफिकेशन आहे, आणि गिऱ्हाइकांत आयफोनवाले खरोखर आहेत, तिथे मी डोळे मिटून फ्लटर सांगेन. तिथे दोनदा लिहायला लावणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे उधळणं.

प्रवाशांना राहायला घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीनं २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडलं, हे उदाहरण मुलं मला हमखास देतात. पण त्यांच्याकडे आधीपासून दोन मोठी नेटिव्ह अ‍ॅप्स होती, त्यात हे तिसरं जोडलं होतं, आणि सांभाळायला तीन जग झाली. आपल्याकडे दोन माणसांची टीम असते. त्यांचं कारण आपल्याला लागू नाही.

तेव्हा विचारायचं काय? अ‍ॅप फोनच्या कुठल्या अवयवाला हात लावतं: ब्लूटूथ, काटा, प्रिंटर, पाठीमागे चालू राहणारं जीपीएस, कॅमेऱ्याचं बारीक काम? लावत असेल आणि माणसं अँड्रॉइडचीच असतील तर नेटिव्ह, तेही एकच. तिथे क्रॉस-प्लॅटफॉर्मची बचत उरतच नाही, कारण दुसरं अ‍ॅप करायचंच नाहीये. हात लावत नसेल तर क्रॉस-प्लॅटफॉर्म. आणि सांगलीत, मिरजेत, कोल्हापुरात ते टूल येणारी माणसं मिळतात का? आज मिळणारा मुलगा उद्या पुण्याला जाणार, हे धरून चाला.

कोटेशनमध्ये मात्र टूल कुठलंही असो, हे लिहून घ्या. प्ले स्टोअरचं खातं तुमच्या नावावर. त्याला एकदाच २५ डॉलर लागतात. आयफोन हवाच असेल तर अ‍ॅपलचं खातंही तुमचं, ते वर्षाला ९९ डॉलर. सोर्स कोड आणि किल्ली हिशोबाच्या शेवटच्या हप्त्याआधी तुमच्या हातात. आणि बाहेरच्या कुठल्या प्लगइनवर अ‍ॅप उभं आहे त्याची यादी, प्रत्येकापुढे शेवटचं अपडेट कधी झालं ते.

मुलांसाठी शेवटचं, दोन मिनिटांत. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पक्कं झालं. त्यात स्क्रीन आणि ब्लूटूथ ज्याच्या त्याच्या फोनचं ठेवून फक्त हिशोबाचा भाग दोन्हीकडे एकच ठेवता येतो. पट्टीचा हिशोब, म्हणजे वजन, दर, हमाली, तोलाई, मी आता तसा वेगळा काढते आहे. उद्या काकांच्या मुलाला आयफोनवर पट्टी तपासायची झाली तर तो हिशोब पुन्हा लिहावा लागणार नाही, आणि काट्याशी बोलणारा कोड अँड्रॉइडमध्ये आहे तिथेच राहील. काम निम्मं झालंय. पोत्याच्या वजनाची वजावट कशी धरायची ते दुकानागणिक वेगळं निघतंय, तिथे अडलंय. ज्यांना यात हात घालायचाय त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा, मी तुम्हाला यार्डात घेऊन जाते.