रुमालाखालची बोली

(आंब्याच्या पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज. मोबाईलचा स्क्रीन. सकाळचे अकरा.)

हा फोन माझ्या आत्तेभावाचा, आम्ही त्याला दादाच म्हणतो. रत्नागिरीजवळ त्याची हापूसची कलमं आहेत, आणि दोन सीझनपूर्वी त्याच्या डोक्यात आलं की दरवर्षी दलालाला कशाला द्यायचं, पुण्यातलं गिऱ्हाईक डायरेक्ट पकडू, गुगलवर जाहिरात टाकू. टाकणार कोण, तर मी, कारण घरात लॅपटॉप माझ्याकडे. रोजचं बजेट 300 रुपये ठेवलं, एका क्लिकला बोली 20 रुपये. आणि सकाळी अकराला दादाचा फोन, अरे पैसे संपले, पेटी एक पण गेली नाही, बोली वाढवू का?

नवीन माणूस हाच प्रश्न आधी विचारतो. त्याचं उत्तर द्यायच्या आधी ही बोलीची भानगड आली कुठून ते बघू.

(जुनं कॉम्प्युटर, मॉडेमचा आवाज.)

1998, कॅलिफोर्नियातलं पासाडेना. बिल ग्रॉस नावाच्या माणसाने गोटू डॉट कॉम नावाचं सर्च इंजिन काढलं आणि सरळ सांगितलं की शब्दावर बोली लावा, जो जास्त देईल तो वर, आणि पैसे कधी, तर कोणी क्लिक केलं तरच. बोली एका सेंटपासून सुरू. लोकांनी भरपूर नावं ठेवली, पैसे घेऊन रिझल्ट दाखवता म्हणून, पण धंदा चालला, 2001 मध्ये कंपनीचं नाव ओव्हर्चर झालं आणि 2003 मध्ये याहूने ती दीड अब्ज डॉलरपेक्षा जास्त मोजून विकत घेतली.

पण त्या लिलावात एक गोची होती. बोली सगळ्यांना दिसायची, आणि जेवढी लावली तेवढी पूर्ण द्यावी लागायची. म्हणजे समजा तुम्ही 50 सेंट लावले आणि खालच्याने 30, तर तुमचे 19 सेंट फुकट गेले ना, मग तुम्ही 31 वर उतरणार, तो 32 करणार, तुम्ही 33, असं वर वर जात एकजण कंटाळून धाडकन खाली येणार, की दुसरा पण खाली, आणि परत पहिल्यापासून. लोकांनी यासाठी सॉफ्टवेअर लावली होती. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसायचा.

गुगलने ऑक्टोबर 2000 मध्ये अ‍ॅडवर्ड्स, म्हणजे जाहिराती लावायची आपली सोय, आणलं तेव्हा जाहिरातदार होते फक्त 350, आणि पैसे जाहिरात किती वेळा दिसली त्यावर. क्लिकचा लिलाव आला फेब्रुवारी 2002 मध्ये, आणि त्यात दोन गोष्टी बदलल्या. एक, बोली झाकली. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, शेजारी उभ्या माणसाला आकडा कळायचा नाही, तसं. दुसरं म्हणजे जिंकणाऱ्याने स्वतःची बोली भरायचीच नाही, खालच्याला मागे ठेवायला जेवढे लागतात तेवढेच भरायचे. ही कल्पना तशी जुनी, विल्यम विकरी नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1961 मध्ये झाकलेल्या बोलीचा आणि दुसऱ्या नंबरच्या किमतीचा हिशोब मांडला होता (त्याला 1996 मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत बिचारा गेला). गुगलचा लिलाव हुबेहूब त्याचा नाही, पण घराणं तेच.

म्हणजे दादाचे ते 20 रुपये ही किंमत नव्हतीच, ती मर्यादा होती. याच्या वर जाऊ नको, एवढाच निरोप.

(पाटी-पेन्सिल. हाताने लिहिलेले आकडे.)

आता खरी गंमत. वर कोण हे नुसत्या बोलीवर ठरत नाही, जाहिरात किती चांगली तेही धरतात, म्हणजे लोक त्यावर क्लिक करण्याची शक्यता किती, शोधलेल्या शब्दाशी ती जुळते का आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का. सोपं करून मांडतो, खऱ्या हिशोबात अजून बऱ्याच गोष्टी असतात. आपली बोली 20, गुण 8, गुणाकार 160. दुसऱ्याची बोली 30 पण गुण 4, म्हणजे 120. तिसरा 25 गुणिले 4, म्हणजे 100. आपण वर. आणि भरायचे किती, तर 120 भागिले 8, 15 रुपये आणि वर थोडेसे. आता दुसऱ्याचं बघा, 100 भागिले 4, त्याला पडले 25. म्हणजे जास्त बोली लावून, जास्त पैसे भरून, तो आपल्या खाली! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा गुणाकार तपासला होता.

आणि खात्यात जो एक ते दहा क्वालिटी स्कोअर दिसतो ना, त्याच्यामागे हात धुऊन लागू नका, तो नुसता तब्येतीचा रिपोर्ट आहे, लिलावात तो आकडा थेट वापरत नाहीत.

मग बोली किती लावायची? उलटं मोजा. पेटीमागे दादाला सुटतात 400. शंभर क्लिकमागे तीन पेट्या जात असतील तर 1200 सुटले, म्हणजे क्लिक 12 रुपयांच्या वर पडला की घरचे घालून आंबे विकताय. वर 18 टक्के जीएसटी आहेच. नंबर एकचा हट्ट इथेच सोडायचा.

बजेटचं पण सांगून टाकतो, रोजचे 300 म्हणजे रोज 300 असं नसतं, एखाद्या दिवशी दुप्पट पण जातात, फक्त महिन्याचं मिळून 30.4 पटीच्या वर, म्हणजे 9120 च्या वर, बिल लागत नाही. आणि स्वतःची जाहिरात दिवसातून दहा वेळा सर्च करून बघायची नाही, दिसली आणि क्लिक नाही असं खात्यावर चढतं, त्यासाठी खात्यातच प्रीव्ह्यूची सोय असते ती वापरा. दादा ऐकत नाही तो भाग वेगळा.

(लॅपटॉप. सर्च टर्म्सची यादी खाली सरकते.)

तर मग ते 300 रुपये गेले कुठे? मी शब्द टाकला होता हापूस आंबा, ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासचं सगळं चालेल. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं त्याची यादी रात्री उघडली तर आमरस रेसिपी, आंब्याचा मोहोर का गळतो, हापूस कलम कुठे मिळेल. माझीच चूक. शिवाय लोकेशनच्या सेटिंगमध्ये पुण्यात असलेल्यांबरोबर पुण्यात रस असलेले पण धरले होते. रेसिपी, कलम, मोहोर हे सगळे निगेटिव्हमध्ये, म्हणजे या शब्दांवर जाहिरात दाखवू नको अशा यादीत, टाकले, शब्द बदलून हापूस पेटी पुणे वगैरे केले, आठवड्याने क्लिक निम्म्यावर आले. तरी खात्यात ऑर्डर शून्य!

वहिनी हसायला लागली. तिच्या वहीत त्या आठवड्यात नऊ पेट्या होत्या. लोक जाहिरातीवरून पान बघत होते आणि नंबर डायल करून फोन करत होते, खात्याला कळणार कसं? मी कॉल मोजायची सोय लावेपर्यंत ती प्रत्येकाला विचारत होती, नंबर कुठून मिळाला हो, आणि गुगल म्हटलं की नावापुढे लाल पेनने गु.

त्याच यादीत एक शब्द होता, हापूस आतून खराब निघाला तर. मी म्हटलं हे तक्रारवाले, टाकू निगेटिव्हमध्ये. वहिनी म्हणाली, थांबा, हे फोनवर मला रोज विचारतात, घेणारा माणूसच विचारतो हे. जाहिरातीतली दुसरी ओळ काढली, अस्सल कोकणची चव वगैरे होतं तिथे, आणि लिहिलं, आंबा खराब निघाला तर बदलून देऊ.

(वहीचं पान. नावं, पेट्या, लाल खुणा.)

हे मे महिन्याचं पान. बोली तेव्हा 11 रुपयांवर आणली होती. लाल खुणा मोजा. आणि समासात जे तीन नंबर आहेत ना, ते बदलून दिलेले आंबे.