केराची पाटी

(जर्मनीतल्या स्टुटगार्टमधल्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. दूध अजून आटतंय, म्हणून मला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. खरं तर पत्रिकेत दहाच होती, पण दुधापुढे पत्रिकेचं काय चालतं!

पहिल्या दोन रांगांत बरेच नवे चेहरे आहेत. हिवाळी सत्राला आलेली मुलं असणार, जाकिटांवरूनच कळतंय, सगळी अजून घडीच्या खुणांची आहेत. तुमच्यातल्या एकीने मघाशी मला विचारलं, "ताई, तुम्हाला इथे रुळायला किती दिवस लागले?" मी पटकन म्हणाले, चार महिने. मग मलाच प्रश्न पडला, चारच कसे? त्याचं उत्तर म्हणजे एक पुठ्ठ्याची पाटी आहे. आज तिच्याबद्दलच बोलते.

मी २०१४च्या नोव्हेंबरात आले. मूळची सांगलीची, मधली काही वर्षं पुण्यात नोकरी, आणि इथे एकटीच. श्टुटगार्ट-वेस्टमध्ये जुन्या इमारतीत घर मिळालं, चौथा मजला, लिफ्ट नाही. किल्ली लावून आत गेले तर स्वयंपाकघरात नळाची दोन तोंडं आणि भिंतीतून बाहेर आलेली एक जाड वायर. बाकी काही नाही. ओटा नाही, सिंक नाही, छताला दिवासुद्धा नाही. मला वाटलं चोरी झाली. इथे बरेच भाडेकरू जाताना स्वयंपाकघर उचकटून बरोबर नेतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढचा महिनाभर मी दोन चुलींच्या विजेच्या शेगडीवर भात लावला आणि कुकर बाथटबमध्ये घासला. टबात वाकून घासताना पाठीचं काय होतं ते सांगत नाही.

पुढची गंमत पत्रपेटीची. नगरपालिकेत पत्ता दोन आठवड्यांत नोंदवायचा असतो, तो मी शहाण्यासारखा नोंदवला. मग कराचा अकरा आकडी नंबर पोस्टाने येतो म्हणाले. आठवडे गेले, येईना. कारण पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव! आपल्याकडे पोस्टमन "नवीन बाई ना, चौथ्या मजल्यावर" म्हणून वर हाक मारतो. इथे पेटीवर नाव नाही म्हणजे तो माणूसच नाही, पत्र परत. नंबर नाही म्हणून पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाचा कर कापला गेला. सहावा वर्ग म्हणजे सगळ्यात चढा. पैसे नंतर परत मिळाले, पण ती पगाराची चिठ्ठी बघून मी जिन्यातच बसले होते. तर नव्यांनो, आज घरी गेल्यावर आधी पेटी बघा. आणि नाव पासपोर्टावरचंच लावा, वडिलांचं नाव गाळायचं की ठेवायचं यावर घरच्या ग्रुपवर चर्चा करत बसू नका.

आता तो जिना. लाकडी होता, पायरीपायरीला करकरणारा. माझ्या समोरच्या दारात एक आजी राहायच्या. मनातल्या मनात आजी. प्रत्यक्षात आम्ही दोघी आजही एकमेकींना अहो-जाहोच करतो. दर शनिवारी सकाळी त्या आमच्या मजल्याचा जिना झाडायच्या, पुसायच्या. मी वरून उतरताना "ग्र्युस गॉट" म्हणायचे, पाय उचलून कडेने जायचे. मला वाटायचं, आजींना स्वच्छतेची आवड आहे. किंवा इमारतीचे पैसे मिळत असतील त्यांना. खरं सांगते, मी आयुष्यात तोवर कधी जिना झाडला नव्हता. पुण्यात सोसायटीच्या मावशी झाडायच्या, आणि त्यांचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी कामावरून आले तर माझ्या दाराच्या मुठीला सुतळीने एक पाटी अडकवलेली. वर छापलेलं: केरवोखे. मला वाटलं काहीतरी दंड झाला. फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत एका काकांचा फोन. "अगं, वोखे म्हणजे आठवडा. आणि केर म्हणजे केरच! या आठवड्यात केर काढायची पाळी तुझी." आपला केर आणि त्यांचा केर यांचं भाषाशास्त्रात काय नातं आहे ते मला माहीत नाही, आणि जाणून घ्यायचंही नाही. मला तो शब्द असाच आवडतो.

इथल्या जुन्यांना हे सगळं पाठ आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. ही श्वाबी, म्हणजे इथल्या नैर्ऋत्य जर्मनीतल्या लोकांची रीत, मुळं पार पंधराव्या शतकाच्या शेवटच्या नगरनियमांपर्यंत जातात. शहराने आपला नियम १९८८ साली मागे घेतला, पण भाडेकरारांत ती अजून ठाण मांडून आहे. छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना. मोठी पाळी म्हणजे तळघर, अंगण, फुटपाथ. झालं की पाटी शेजारच्या दाराला.

शनिवारी मी कामाला लागले. कसं? जसं आईला पाहिलं होतं तसं. बादलीभर पाणी ओतलं, उकिडवी बसले आणि फडक्याने सपासप. तीन पायऱ्या झाल्या असतील, आजी दार उघडून बाहेर. हात डोक्याला! लाकूड फुगतं, बाई! फडकं घट्ट पिळायचं, पाणी ओतायचं नाही, आणि वरून खाली यायचं. मी खालून वर चालले होते, म्हणजे पुसलेल्यावरच परत घाण. त्या माझ्याशेजारी गुडघ्यावर बसल्या आणि एक पायरी पुसून दाखवली, कोपऱ्यात बोट घालून. त्या दिवशी चार महिन्यांत पहिल्यांदा कोणाशी तरी तासभर बोलले. माझं जर्मन तेव्हा दुकानात पाव मागण्यापुरतं.

पुढे खूप दिवसांनी मी विचारलं, आधीचे चार महिने पाटी का नाही आली? माझी पाळी त्याच काढत होत्या, हे मला तेव्हा कळलं. म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही काही हिवाळा काढत नाही. साडेचारला अंधार झाला की तुमच्या घरात दिवा लागायचा आणि रडण्याचा आवाज यायचा.

आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून जिना झाडायला गेलीस होय गं?" तिला काय सांगणार? मुंबई आणि आपलं हे गाव १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, ते कागदावर. माझं नातं त्या मुठीवरच्या सुतळीने जुळलं.

आता थोडं तिखट बोलते, कार्यकारिणीने मनावर घेऊ नये. आपण मंडळात नव्या माणसाला फार जपतो. "तुम्ही बसा हो, नवीन आहात." ताट हातात देतो, दूध जागेवर आणून देतो, पोहे कुठे मिळतात ते सांगतो. हेतू चांगलाच. पण दोन-दोन वर्षं असं बसवून ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. मंडळाला येतात, जेवतात, जातात, आणि एक दिवस कळतं की गाव सोडून गेलीसुद्धा. मी स्वतःही पहिले कित्येक महिने इथे मंडळात नुसती ताट धरून बसायचे, आणि घरी गेल्यावर जास्तच एकटं वाटायचं. गणपतीत मला आरतीचं तबक धुवायला दिलं, तेव्हापासून मी लवकर यायला लागले. म्हणून मी यंदा पत्रिका करताना आग्रह धरला की स्वयंसेवकांच्या यादीत जुनं एकही नाव नको. थोडी भांडणं झाली. झाली तर झाली.

हा हॉल आपल्याला दहा वाजता परत द्यायचाय, झाडून. करारात तसं लिहिलंय आणि इथला रखवालदार कोपरे बघतो. झाडू मागच्या कपाटात आहेत, डाव्या हाताला. पहिल्या दोन रांगा, तुम्ही स्टेजच्या बाजूने सुरुवात करा. आणि पाणी ओतू नका, फरशी लाकडी आहे.

चला, दूध आलं वाटतं.