नाणेघाट : सातवाहनांची वाट

मुरबाडच्या बाजूने वैशाखरे सोडलं की ही चढण सुरू होते. वर येता येता डोंगराची नाळ चिंचोळी होत जाते आणि पायाखाली दगडी पायऱ्या लागतात. पाहा, कशा झिजल्यात. या घाटात राजा-राणीची नावं कोरलेली आहेत, पाण्याचं टाकं दान देणाऱ्याचंही आहे. पायऱ्या घडवणाऱ्यांचं नाव मात्र कुठेच नाही. म्हणून आधी या पायऱ्या.

दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा, पुढे पैठणला, तेरला जायचा. घाटमाथ्यावर हा दगडी रांजण. जकातीची नाणी यात पडत, असं इथली माणसं पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत.

आणि ही लेणी. भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख. अश्वमेध, राजसूय, मग या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची जंत्री : गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी. आकडेही खोदलेत, त्यांतला एक 24,400. समोरच्या भिंतीवर सातवाहन घराण्याचे पुतळे होते. आज उरलीत ती वरची नावं आणि खाली पावलं.

एवढा मोठा लेख राजधानीत, पैठणला का नाही? घाटात का? कारण इथून जाणारा प्रत्येक व्यापारी, प्रत्येक तांडा तो पाहणार होता. सातवाहनांचं राज्य तलवारीइतकंच या वाटेवर उभं होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आहेत. पैठणचा अकीक, तेरचं सुती कापड गाड्यांत भरून समुद्राकडे जायचं. पलीकडून यायचं मद्य, पोवळं, तांबं, शिसं. आता हे नाणं जवळून बघा. सातवाहनांची कितीतरी नाणी अशी शिशाचीच आहेत.

माल आला तशी माणसंही आली. कार्ल्याच्या चैत्यगृहातले हे खांब पाहा. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, ते दान दिले, तसं खांबांवरच लिहिलंय. खाली घाटाच्या तोंडाशी व्यापार, वर डोंगरात भिक्खूंचा विहार, आणि दोघांना सांभाळणारा राजा. साम्राज्य वाढलं ते असं.

बंदरांसाठी मग लढाया झाल्याच. शकांचा क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपान याने कोकणपट्टी बळकावली, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने ती परत जिंकली. नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या चांदीच्या नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्राचा ठसा मारलेला दिसतो. त्याच घराण्यातल्या यज्ञश्री सातकर्णीने तर नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज कोरून घेतलं. तिसऱ्या शतकात राज्य मोडलं आणि त्याचे तुकडे आभीर, इक्ष्वाकू अशा घराण्यांकडे गेले.