फुल स्क्रीन केलं की चौकोन का दिसतात?

मंडळी, नागपुरात संगणक दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात तासभर बसा, एक तक्रार हमखास ऐकू येईल : "लहान असला की व्हिडिओ बरा दिसते, मोठा केला की डब्बेच डब्बे दिसून राहिले." मग कोणी केबल बदलतं, कोणी विंडोज नव्यानं टाकतं आणि डब्बे जिथल्या तिथे राहतात. आज मला एवढंच सांगायचं आहे, की ते चौकोन कसे दिसतात, कधी येतात आणि कधी जातात, यातच बिघाडाचा पत्ता असतो. सेटिंगला हात लावण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा.

सगळ्यात आधी हिशेब. व्हिडिओ ६४० बाय ३६० चा आणि स्क्रीन १९२० बाय १०८० चा असेल, तर फुल स्क्रीनमध्ये मूळच्या एका ठिपक्याला नऊ ठिपक्यांची जागा भरावी लागते. मधले ठिपके प्लेअर अंदाजानं रंगवतो. अंदाज चांगला असेल तर चित्र धूसर होतं. त्याच ठिपक्याची नुसती नक्कल मारली तर कडांना पायऱ्या दिसतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबा, व्हिडिओचं रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे ठिपके किती, ते दिसेल. स्क्रीनचं रिझोल्यूशन विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', मग 'डिस्प्ले' इथे मिळतं. तिथे 'रेकमेंडेड' लिहिलेला आकडाच निवडलेला हवा. एलसीडीचे ठिपके जागच्या जागी पक्के असतात, दुसरा आकडा निवडला की सगळंच चित्र ताणलं जातं. हे दोन आकडे शेजारी लिहा. व्हिडिओच लहान निघाला, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मोठी फाइल मिळवा. इथे दुकानात पैसे घालवू नका.

आता यूट्यूब. लहान चौकटीत असताना ते मुद्दाम हलक्या दर्जाचे तुकडे आणून ठेवतं. तुम्ही फुल स्क्रीन केलंत की वरचा दर्जा मागवला जातो, पण आधी आणलेले तुकडे संपेपर्यंत जुनंच चित्र ताणून दिसतं. म्हणून काही सेकंद थांबा. तरी चित्र सुधारलं नाही तर गियरच्या चिन्हातून १०८० स्वतः निवडा. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलंत तर 'करंट' आणि 'ऑप्टिमल' असे दोन आकडे शेजारीशेजारी दिसतात. पहिला ६४० बाय ३६० वर अडकला असेल तर नेटचा वेग बघा. १०८० साठी साधारण ५ एमबीपीएस सलग मिळायला हवेत. वाय-फाय पाच भिंती ओलांडून येत असेल तर एकदा लॅनची वायर लावून बघा, निकाल लगेच कळतो.

यापुढचा प्रकार जास्त फसवा आहे. रिझोल्यूशन बरोबर, नेटचा प्रश्नच नाही, फाइल हार्ड डिस्कवर, तरीही चौकोन. मारबतीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. महाल-इतवारीतली गर्दी, हवेत उडणारे रंग, हलणारा कॅमेरा. दर फ्रेममध्ये जवळपास प्रत्येक ठिपका बदलतो. एच.२६४ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो. लिहायला जागा कमी पडली की चौकोनाच्या आतला तपशील टाकून देतो आणि चौकोनाच्या कडा उघड्या पडतात. दोन तासांचा सिनेमा ७०० एमबीत बसवला तर सेकंदाला जेमतेम पाऊण मेगाबिट वाट्याला येतो, त्यातच आवाजही. फाइलच्या नावात १०८० लिहिलं म्हणून ही जागा वाढत नाही. ओळखायची खूण अशी : पात्र स्थिर बसलं की चित्र स्वच्छ, धावायला लागलं की डब्बे, आणि अंधाराच्या दृश्यात भिंतीवर रंगाचे पट्टे. हा फाइलचा दोष आहे, तुमच्या संगणकाचा नाही.

मात्र एक अपवाद आवर्जून तपासा. एच.२६४ मध्ये चौकोनांच्या कडा गुळगुळीत करणारं डिब्लॉकिंग फिल्टर असतं. व्हीएलसीच्या 'टूल्स', 'प्रेफरन्सेस', 'इनपुट / कोडेक्स' मध्ये ते वगळण्याची सोय आहे. जुन्या मशीनवर व्हिडिओ अडखळू नये म्हणून कोणी तिथे 'ऑल' करून ठेवलेलं असतं आणि मग चांगली फाइलही डब्ब्यांची दिसते. तिथे 'नन' हवं.

चित्र फाटत असेल, हिरवे-गुलाबी तुकडे येत असतील, तर मामला डीकोडिंगचा, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडण्याचा. हिरवाच रंग का? व्हिडिओ लाल-हिरवा-निळा असा साठवत नाहीत; उजेडाचा एक आकडा आणि रंगाचे दोन, असा साठवतात. माहिती आलीच नाही आणि तिन्ही आकडे शून्य राहिले, तर स्क्रीनवर त्याचा हिरवा होतो. तळाशी हिरवी बारीक पट्टी दिसते तिचं कारण आणखी गमतीचं : १०८० ला १६ नं भाग जात नाही, म्हणून एच.२६४ आत १०८८ ओळी भरतो आणि खालच्या ८ ओळी दाखवताना कापायच्या असतात. कापायचं राहिलं की पट्टी.

इथे तपासणीचा क्रम महत्त्वाचा. पेन ड्राइव्हवरची फाइल आधी हार्ड डिस्कवर घ्या आणि दोनदा चालवा. दोन्ही वेळा त्याच मिनिटाला फाटली, तर बहुधा फाइल खराब आहे. पुढची की-फ्रेम, म्हणजे मागच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण साठवलेली फ्रेम, आली की चित्र आपोआप सावरतं. दर वेळी वेगळ्या जागी फाटली, तर ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा हार्डवेअर. व्हीएलसीच्या त्याच 'इनपुट / कोडेक्स' पानावर हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणं, 'डिसेबल' करा. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम' इथे ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. चित्र सुधारलं तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा. लहान चौकटीत तो लपतो, कारण तिथे विंडोज व्हिडिओ इतर खिडक्यांसोबत एकत्र रंगवतं. फुल स्क्रीनला ड्रायव्हर तो वेगळ्या थरातून थेट दाखवू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसला तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज नव्यानं टाकल्यावर हे पुष्कळदा घडतं. लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर त्याच कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचाच घ्या. अपडेटनंतर बिघडलं असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर'. सगळं जमलं की ॲक्सिलरेशन पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, गादीवर ठेवलेला लॅपटॉप. ग्राफिक्स चिप किंवा तिची मेमरी तापून बिघडली की चौकोन व्हिडिओपुरते राहत नाहीत. डेस्कटॉपवर, अगदी विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावरही दिसतात. मग सॉफ्टवेअरशी खेळू नका. पंख्यातली धूळ काढा, तरी राहिलं तर चिपचं काम.

केबलबद्दल एकच. एचडीएमआयमधून सहसा पूर्ण उलगडलेलं चित्र जातं. केबल खराब असेल तर पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. कोडेकचे चौकोन केबल पाडत नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली, लग्नाच्या जुन्या डीव्हीडीवर आडव्या कंगव्यासारख्या रेघा येतात. त्या इंटरलेसिंगच्या, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीनं साठवल्याच्या; व्हीएलसीच्या 'व्हिडिओ' मेनूत 'डीइंटरलेस' चालू करा, मोड 'याडिफ'. डीव्हीडीवरचं ७२० बाय ५७६ चं चित्र त्याहून धारदार होणार नाही. दुसरी, सोसायटीच्या प्रोजेक्टरवर सगळंच फुटतं. खोक्यावर '१०८० सपोर्ट' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तो १०८० चा सिग्नल स्वीकारतो एवढाच. 'नेटिव्ह रिझोल्यूशन' किती ते बघा. स्वस्तातल्या पुष्कळ प्रोजेक्टरचं ८०० बाय ४८० च्या आसपास असतं. आणि त्यावर दाखवायचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून मागवत असाल, तर पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे व्हॉट्सॲप तो दाबून लहान करणार नाही.