ड्राफ्टमधले फसलेले वरचे नंबर

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते अमेरिकन फुटबॉलबद्दल. पायाने खेळतात तो नव्हे. हेल्मेट घालून, खांद्यावर जाडजूड पॅड चढवून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावतात, तो. नियम सांगत बसलो तर आपली वेळ तिथेच संपेल. एवढंच ध्यानात ठेवा, की या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते, चेंडू कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत तोच ठरवतो, आणि समोरचे अंगावर येत असतात तेव्हा त्याच्या पुढे उभे असलेले धिप्पाड साथीदार त्यांना थोपवतात. बाकीचं ओघाने कळेल.

आपल्याकडे आयपीएलमध्ये बोली लागते. तिथल्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंसाठी बोली नसते, पाळी असते. तिला म्हणतात ड्राफ्ट. गेल्या मोसमात सगळ्यात तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. ३२ संघ, सात फेऱ्या. पोराला कुठे जायचंय हे कुणी विचारत नाही. ही कल्पना बर्ट बेल यांची. फिलाडेल्फिया ईगल्स हा त्यांचा संघ तेव्हा तळाशीच होता, त्यामुळे ती त्यांना सुचली यात नवल नाही. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला आणि पहिला नंबर अर्थातच ईगल्सला मिळाला. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर निवडला, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. त्याने मागितलेले पैसे बेल यांना परवडेनात. त्याच्यावरचा हक्क त्यांनी शिकागो बेअर्सना देऊन टाकला. तिथेही जमलं नाही. बर्वांगर सरळ दुसऱ्या कामधंद्याला लागला आणि एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे या ड्राफ्टच्या इतिहासातला अगदी पहिला नंबरच वाया गेला!

तेव्हापासून दर वर्षी कुणी ना कुणी वाया जातोच. अमेरिकेत अशा खेळाडूला ‘बस्ट’ म्हणतात, आणि त्यांच्या याद्या काढणं हा तिथल्या क्रीडापत्रकारांचा आवडता उद्योग आहे. या याद्यांत एक नाव हमखास असतं. रायन लीफ.

१९९८ सालची गोष्ट. त्या वर्षी दोन क्वार्टरबॅक होते, टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. मॅनिंग पुढे या खेळातला एक थोर क्वार्टरबॅक ठरला, त्यामुळे आज हे ऐकून हसू येईल, पण पहिला कोण यावर जाणकारांत खरोखर वाद होता. मॅनिंग म्हणजे माजी क्वार्टरबॅकचा मुलगा, अभ्यासू, जरा सावध. लीफ मोंटानाच्या ग्रेट फॉल्स गावचा, दांडगा, ताकदीच्या हाताचा. पुष्कळांचं म्हणणं होतं, की मॅनिंग आज तयार आहे, पण उद्याचा मोठा लीफ. इंडियानापोलिस कोल्ट्सनी मॅनिंग उचलला. सॅन डिएगो चार्जर्सचा नंबर होता तिसरा. अ‍ॅरिझोनाकडचा दुसरा नंबर मिळवायला त्यांनी स्वतःचा तिसरा नंबर दिला, दुसऱ्या फेरीतली निवड दिली, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड दिली आणि वर दोन चालते खेळाडू दिले. फक्त एक पायरी वर चढायला! मग लीफशी चार वर्षांचा करार केला, सव्वा एकतीस दशलक्ष डॉलरचा. त्यातले सव्वा अकरा दशलक्ष नुसत्या सहीचे.

पहिले दोन सामने चार्जर्सनी जिंकले. तिसरा होता कॅन्सस सिटीत. त्या दिवशी लीफने १५ वेळा चेंडू फेकला आणि त्याच्या माणसाने तो झेलला एकदा. मिळालं किती अंतर? चार यार्ड. बारा फूट. सबंध दुपारभरात! दोन फेकी थेट विरोधकांच्या हातात गेल्या, हातातून निसटलेला चेंडू वेगळाच. सामना गेला २३-७ ने. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये एका वार्ताहरावर तो असा खेकसला, की संघातला ज्येष्ठ खेळाडू ज्युनियर साऊ याला त्याला तिथून दूर न्यावं लागलं. कॅमेरा चालू होता. ती काही सेकंदांची फीत टीव्हीवर इतक्या वेळा दाखवली गेली, की लीफ म्हटलं की लोकांना आजही तेच आठवतं. खेळ नंतर, आरडाओरडा आधी.

आता त्याच वर्षी मॅनिंगचं काय चाललं होतं ते पाहा. त्याने विरोधकांच्या हातात २८ चेंडू दिले. नवख्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत हा विक्रम आहे, आणि भूषणावह विक्रम नाही. कोल्ट्सनी १६ पैकी १३ सामने गमावले. पण सोळाही सामन्यांत मॅनिंगच खेळला. मार खा, शीक, पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहा, असं चाललं होतं. लीफने मोसमात अवघे २ टचडाउन, म्हणजे गुण मिळवून देणारे चेंडू, फेकले आणि १५ चेंडू घालवले, आणि मोसम संपायच्या आधी तो बाकावर बसला. मी असं म्हणणार नाही, की चार्जर्सनी धीर धरला असता तर लीफचा मॅनिंग झाला असता. छे. लीफ उद्धट होता, सरावाचा आळशी होता आणि दुखापतींनीही त्याला गाठलं. पण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पोरगं ठेचकाळतं तेव्हा आजूबाजूला कोण आहे, याने फरक पडतो. आणि ते आजूबाजूचं पोराने निवडलेलं नसतं.

लीफची पुढची कहाणी कडू आहे. चार मोसमांत तो एनएफएलमधून बाहेर पडला. त्यानंतर वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन, त्या गोळ्यांसाठी घरफोडी, मोंटानात तुरुंगवास. डिसेंबर २०१४ मध्ये तो सुटला. आता तो व्यसनमुक्तीवर जाहीरपणे बोलतो, फुटबॉलचं समालोचन करतो, आणि स्वतःच्या त्या कारकिर्दीविषयी बोलताना आडपडदा ठेवत नाही.

चार्जर्सचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. २००० साली ते १६ पैकी एकच सामना जिंकले. त्यामुळे २००१ चा पहिला नंबर त्यांना मिळाला. तो त्यांनी अटलांटाला दिला, खाली सरकून पाचव्या नंबरवर लाडेनियन टॉमलिन्सन घेतला आणि दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला ड्रू ब्रीस. या खेळाच्या जाणकारांना ही दोन नावं पुरेत; बाकीच्यांनी एवढंच समजावं, की दोघेही पुढे दिग्गज ठरले. वर चढायला गेले तेव्हा हात भाजले, खाली उतरले तेव्हा घबाड मिळालं.

यावर दोन विद्वानांनी पद्धतशीर अभ्यास केला आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर. हे थेलर म्हणजे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारेच. संघ आपसात निवडींची अदलाबदल करतात, त्यासाठी एक तक्ता वापरात आला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या डॅलस काउबॉइज संघाने तो बनवला. पहिल्या नंबरला ३००० गुण, आणि तिथून आकडे झपाट्याने उतरत जातात. मॅसी आणि थेलर यांनी पाहिलं, की बाजारात वरच्या नंबरांना मिळणारी ही किंमत त्या खेळाडूंनी मैदानावर दिलेल्या कामगिरीच्या तुलनेत फार जास्त आहे. आणखी एक गंमत त्यांनी तपासली. एकाच जागी खेळणारे दोघे एकामागोमाग निवडले गेले, तर आधी निवडलेला पुढे जास्त चांगला निघण्याची शक्यता किती? निम्म्याहून जेमतेम थोडी जास्त. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी फार बिघडलं नसतं! तरीही दर एप्रिलमध्ये संघमालक छातीठोकपणे सांगतात, आम्हाला हवा होता तोच मिळाला.

बरं, तपासणीत कसर असते म्हणावं तर तसंही नाही. इंडियानापोलिसला दर वर्षी कम्बाइन भरतं. तिथे पोरांची उंची, वजन, तळहाताची लांबीसुद्धा मोजतात. ४० यार्ड पळायला लावतात आणि सेकंदाचा शंभरावा भाग टिपतात. बॉस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने १९९५ साली या चाचण्यांचीच खास तयारी केली आणि तिथे असा चमकला, की ईगल्स त्याच्यासाठी बाराव्या नंबरवरून सातव्यावर चढले. वाईट खेळला नाही तो, पण सातव्या नंबरचाही खेळला नाही. ईगल्सनी सोडलेल्या त्या बाराव्या नंबरवर टँपा बेने वॉरन सॅप घेतला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला.

याहून ठसठशीत उदाहरण १९८९ चं. टोनी मँडरिच, मिशिगन स्टेटचा. साडेसहा फूट उंच, तीनशे पौंडांच्या वर वजन, आणि त्या देहाला न शोभणारा वेग. एका नामांकित क्रीडा साप्ताहिकाने त्याचा उघड्या अंगाचा फोटो मुखपृष्ठावर छापला. ग्रीन बे पॅकर्सनी त्याला दुसऱ्या नंबरवर घेतला. तीन मोसमांतच तिथलं त्याचं प्रकरण आटोपलं. कॉलेजात असताना आपण स्टेरॉइड घेत होतो, हे त्याने पुष्कळ वर्षांनी स्वतःच सांगितलं. त्या वर्षीचा पहिला नंबर ट्रॉय एकमन, तिसरा बॅरी सँडर्स, चौथा डेरिक थॉमस, पाचवा डिऑन सँडर्स. चौघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पहिल्या पाचांतला दुसरा तेवढा सोडून! ग्रीन बेची जुनी माणसं या यादीवरून अजून हळहळतात, आणि मला त्यांची दया येते.

पैशाचं टोक गाठलं ते ओकलंड रेडर्सनी, २००७ मध्ये. जमार्कस रसेल, लुइझियाना स्टेटचा क्वार्टरबॅक, पहिला नंबर. कराराची घासाघीस सप्टेंबरपर्यंत चालली. सगळा सराव बुडाला, पहिला सामनाही झाला, तेव्हा कुठे सही झाली. साठ दशलक्ष डॉलरच्या वर, त्यातले तीस दशलक्षांहून जास्त हमीचे. त्याने सुरुवात केलेल्या २५ सामन्यांपैकी ७ जिंकले, १८ हरले आणि २०१० च्या मे महिन्यात रेडर्सनी त्याला मोकळं केलं. लीफची बाजू मी थोडीफार घेतली. रसेलची घ्यायला मन धजत नाही, पण एवढं विचारावंसं वाटतं, की खेळायच्या आधीच ज्याच्या सात पिढ्यांची सोय तुम्ही केलीत, तो पहाटे उठून सराव का करत नाही म्हणून चिडायचं कशाला? त्याच्या मागोमाग दुसऱ्या नंबरवर डेट्रॉइटला गेलेला कॅल्व्हिन जॉन्सनही आज हॉल ऑफ फेममध्ये आहे.

रसेल गेला त्याच वर्षी सेंट लुइस रॅम्सनी सॅम ब्रॅडफर्डला पहिल्या नंबरवर घेऊन सहा वर्षांचा ७८ दशलक्षांचा करार दिला, ५० दशलक्ष हमीचे. जुने, सिद्ध झालेले खेळाडू खवळले, आणि त्यांचं बरोबरच होतं. २०११ मध्ये मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात नवा करार झाला, त्यात नवख्यांच्या पगाराला नंबरानुसार चौकट बसली. त्या वर्षीच्या पहिल्या नंबरला, कॅम न्यूटनला, मिळाले चार वर्षांचे २२ दशलक्ष. एका वर्षात किंमत कुठून कुठे आली बघा!

काही नावं या याद्यांत असूच नयेत असं मला वाटतं. डेव्हिड कार हे त्यातलं एक. २००२ साली ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा कोरा संघ उभा राहिला, त्यांचा पहिला नंबर. नव्या संघाला भिंत कुठली? त्या एका मोसमात कारला चेंडूसकट ७६ वेळा खाली पाडलं गेलं. तो विक्रम आहे. इतक्यांदा अंगावर माणसं घेतल्यावर पुढच्या आयुष्यात चेंडूऐवजी माणसंच दिसायला लागली तर दोष कुणाचा? सॅम डार्नल्डचंही तसंच. २०१८ चा तिसरा नंबर, न्यूयॉर्क जेट्स. तिथे तीन वर्षांत त्याला निकालात काढलं. एका सामन्यात तो बाकावर बसून ‘भुतं दिसतायत’ म्हणाला, ते माइकमध्ये पकडलं गेलं आणि देशभर खिल्ली उडाली. २०२४ मध्ये मिनेसोटात चांगला प्रशिक्षक आणि चांगले साथीदार मिळाले, तेव्हा त्याच डार्नल्डने १४ सामने जिंकून दिले. त्याच ड्राफ्टचा पहिला नंबर बेकर मेफील्ड. क्लीव्हलँडने काढून टाकला, टँपात त्याचं बस्तान बसलं.

पगाराला चौकट आली, पण वरच्या नंबरची हाव गेली नाही. ती आता निवडींच्या रूपात फेडतात. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी बाराव्यावरून तिसऱ्या नंबरवर यायला मायामीला त्या वर्षीची आणि पुढच्या दोन वर्षांची पहिल्या फेरीची निवड दिली, वर तिसऱ्या फेरीची एक. घेतला कोण? ट्रे लान्स. नॉर्थ डकोटा स्टेटकडून एकच पूर्ण मोसम खेळलेला. कोविडच्या वर्षात तो एकच सामना खेळू शकला होता. २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. फोर्टीनाइनर्ससाठी त्याने सुरुवात केलेले सामने मोजून चार, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर तो डॅलसला रवाना.

मजा अशी, की त्याच फोर्टीनाइनर्सनी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, २६२ वा नंबर ब्रॉक पर्डी नावाच्या क्वार्टरबॅकवर खर्च केला होता. शेवटच्या नंबरच्या पोराला तिथे थट्टेने ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात, त्याचा कौतुकसोहळाही करतात. लान्स जायबंदी, त्याच्या जागी आलेला गारोपोलोही डिसेंबरमध्ये जायबंदी, मग पर्डी उतरला आणि जिंकतच सुटला. २०२४ च्या फेब्रुवारीत तो सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, खेळत होता, आणि त्याचा पगार त्या मैदानावरच्या कित्येक राखीव खेळाडूंपेक्षा कमी होता. म्हणून तर लान्सबद्दल सॅन फ्रान्सिस्कोत फारशी बोंब झाली नाही. तीन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या पाण्यात गेल्या, पण नशिबाने झाकलं.

२०२५ मध्ये पर्डीने पाच वर्षांचा २६५ दशलक्ष डॉलरचा नवा करार केला. आता त्याचा एखादा चेंडू विरोधकांच्या हातात गेला, की गॅलरीतले लोक २६२ हा आकडा विसरून २६५ आठवतात. नमस्कार.